जेतिन्याच्या पाण्यावरचा उजेड

२ ऑगस्ट १९००. सर्बियात तेव्हा चालत असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी २० जुलै होती, म्हणजे संत इलियाचा सण. बायबलमधला एलिया तो हाच. पण सर्ब खेडुतांच्या लेखी इलिया म्हणजे आभाळातून अग्निरथ हाकणारा, ढग गडगडवणारा, विजेचा धनी. त्याच्या सणाला शेतात पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर पिकावर वीज कोसळते, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा धाक. नेमक्या त्याच दिवशी उझित्से या डोंगरी गावाने आपल्या नदीतून वीज काढली. गावाबाहेरच्या घळीत पाण्याने चाकं फिरवली, तारेतून प्रवाह गावात आला, विणकामाच्या कारखान्यातले माग त्यावर फिरू लागले आणि रस्त्यांवर दिवे लागले.

नायगराच्या धबधब्यावरचं प्रसिद्ध वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा अवघी पाच वर्षं झाली होती. निकोला टेस्लाने मांडलेलं प्रत्यावर्ती प्रवाहाचं तत्त्व तिथे अमेरिकेच्या भांडवलावर उभं राहिलं होतं. इथे ते एका अशा गावात आलं, जिथे अजून आगगाडीही पोचलेली नव्हती. जनरेटर आले जर्मनीच्या सीमेन्स-हाल्स्के कंपनीचे. पण शेवटची मजल त्यांनी बैलगाड्यांतून, डोंगराच्या वाटेने मारली.

गावाच्या नशिबी असं का आलं, हे समजायचं तर त्याची जागा पाहावी लागते. पश्चिम सर्बियात झ्लातिबोरच्या पठाराखाली जेतिन्या नदी चुनखडीच्या डोंगरातून वाट काढत येते. त्या अरुंद खोऱ्यात उझित्से बसलं आहे. पसरायला जागा नाही म्हणून घरं उतारावर चढत गेलेली. नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या एका सुळक्यावर जुना किल्ला आहे, आज नुसत्या भिंती उरलेला. शेतीला सपाट जमीन थोडी. मग लोकांनी मेंढ्या पाळल्या, लोकर विणली, कातडी कमावली, आणि बोस्नियाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर दुकानं थाटली.

माणसंही वाटेवरचीच. या भागातली बरीच कुटुंबं हर्जेगोविनाच्या डोंगरांतून मेंढरांमागे इकडे आली. म्हणूनच उझित्सेच्या माणसाला उरलेला सर्बिया ‘एरो’ म्हणतो. लोककथांमधला एरो अंगावर जाड्याभरड्या लोकरीचे कपडे घालून, बावळटाचा आव आणून तुर्की आगाला गंडवतो आणि त्याचा घोडाही घेऊन पसार होतो. एकोणिसाव्या शतकात वुक काराजिचने सर्बांच्या लोककथा गोळा केल्या, त्यात हा एरो आहे. आजही उझित्सेकर ‘आम्ही एरे’ असं अभिमानाने सांगतात.

पण एरोच्या गोष्टीत ज्याची फजिती होते तो तुर्क परका पाहुणा नव्हता. उझित्से हे शतकानुशतकं मोठ्या प्रमाणावर मुसलमानांचं गाव होतं. १६६४ साली ऑटोमन प्रवासी एव्लिया चेलेबी इथे येऊन गेला. मशिदी, हमामखाने, पाणचक्क्या, बाजारपेठ यांमुळे गावाला ‘छोटं इस्तंबूल’ म्हणण्याची रीत पडली. ‘तुर्क’ म्हणवल्या जाणाऱ्या इथल्या लोकांतले बहुतेक जण तीच सर्ब भाषा बोलणारे स्थानिक मुसलमान होते. त्यांचे आजे-पणजे याच नदीकाठी पुरलेले होते.

सर्बिया १८३० पासून स्वायत्त झाला, तरी काही किल्ल्यांवर सुलतानाचं सैन्य राहिलंच. जून १८६२ मध्ये बेलग्रेडच्या एका पाणवठ्यावर ऑटोमन सैनिक आणि एक सर्ब पोऱ्या यांच्यात कुरबुर झाली. त्यातून रस्त्यावर चकमकी पेटल्या आणि किल्ल्यातल्या पाशाने शहरावर तोफा डागल्या. युरोपातल्या बड्या सत्तांना मध्ये पडावं लागलं. इस्तंबूलजवळ कान्लिजा इथे त्यांचे प्रतिनिधी बसले आणि सप्टेंबरमध्ये निर्णय झाला. बेलग्रेडसह चार किल्ल्यांवर ऑटोमन फौज राहील, पण उझित्से आणि सोको हे दोन किल्ले पाडायचे, आणि मुसलमान रहिवाशांनी सर्बिया सोडायचा.

बेलग्रेडच्या पाणवठ्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा उझित्सेच्या कुटुंबांनी गाड्या भरल्या. बहुतेकांनी बोस्नियाची वाट धरली. सर्बियातल्या अशा निर्वासितांसाठी सुलतान अब्दुलअझीझने सावा नदीकाठी नव्या वसाहती वसवल्या. बोस्नियातली शामात्स आणि ओराश्ये ही गावं त्यातूनच उभी राहिली. इकडे किल्ल्याला सुरुंग लागले. सर्बियाच्या इतिहासात हे मुक्तीचं वर्ष म्हणून लिहिलं जातं, आणि सर्ब प्रजेसाठी ते तसं होतंही. पण उझित्सेचा इतिहास लिहिताना अर्धं गाव उठून गेलं, हे तितक्याच ठळकपणे लिहायला हवं. जाणाऱ्यांबरोबर पेठेतली गिऱ्हाइकं गेली, कारागीर गेले, गावाची एक अख्खी बोली आणि स्वयंपाकाच्या कितीतरी चवी गेल्या. काही चवी मात्र मागे राहून रुजल्या.

त्या काळची एक नोंद गावातल्याच एका माणसाने ठेवली आहे. मिलादिन रादोविच हा जाड लोकरी कापडाचे कपडे शिवणारा शिंपी. शाळेत फारसा न गेलेला. त्याने आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं लिहून काढलं, आणि ती बखर आज उझित्सेच्या इतिहासाचं मोठं साधन मानली जाते. विसाव्या शतकात याच गावात जन्मलेल्या ल्युबोमिर सिमोविच या कवी-नाटककाराने ‘कावळ्यांसह उझित्से’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहून गावाचा शतकांचा वृत्तांत मांडला. एका मध्यम आकाराच्या गावाने शिंप्यापासून कवीपर्यंत आपली बखर चालू ठेवावी, ही गोष्ट साधी नाही.

१८६२ नंतर गाव रिकामं वाटलं असेल, पण थांबलं नाही. १८६५ साली इथे माध्यमिक शाळा निघाली. सर्बियातल्या समाजवादी चळवळीचा पुढारी दिमित्रिये तुत्सोविच झ्लातिबोरवरच्या खेड्यातून याच शाळेत शिकायला आला होता. पेठेत सर्ब व्यापाऱ्यांनी जम बसवला. मात्र लोकरीच्या धंद्यावर नवंच संकट आलं: ऑस्ट्रियाच्या गिरण्यांचं स्वस्त कापड. हातमागावरचा विणकर त्यापुढे टिकणं शक्य नव्हतं. तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी भाग विकून विणकामाची कंपनी काढली. यंत्रमाग आणायचे ठरले, पण ते फिरवायचे कशावर? वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो. आगगाडी नसलेल्या गावात तो बैलगाडीने आणायचा, तर सारा नफा बैलांच्या चाऱ्यात जाणार.

इथे जॉर्जे स्तानोयेविच हा माणूस गोष्टीत येतो.

स्तानोयेविच बेलग्रेडच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. पूर्व सर्बियातल्या नेगोतिन गावी १८५८ साली जन्म. तरुणपणी पॅरिसजवळच्या मदाँ वेधशाळेत सूर्याचा अभ्यास केलेला, सूर्यग्रहणं टिपायला दूरदूर गेलेले. रंगीत छायाचित्रण सर्बियात आणणाऱ्या पहिल्यांपैकी ते एक. १८९२ च्या जूनमध्ये टेस्ला आयुष्यात एकदाच बेलग्रेडला आला, जेमतेम दीड दिवस. त्या भेटीत स्तानोयेविच त्याच्या बरोबर होते. दोनच वर्षांनी त्यांनी टेस्लाच्या शोधांवर सर्ब भाषेत पुस्तक काढलं. बेलग्रेडला रॉकेल किंवा गॅसऐवजी विजेचे दिवे लावावेत यासाठी त्यांनी भांडण मांडलं आणि १८९३ मध्ये ते जिंकलं. बेलग्रेडची वीज मात्र कोळशावर, एकदिश प्रवाहाची. पाण्यावरची वीज करून दाखवायची हौस बाकी होती.

उझित्सेच्या भागधारकांना त्यांनी नदी दाखवली. किल्ल्याच्या सुळक्याखाली जेतिन्या अरुंद होते आणि वेगाने उतरते. तिथे बांध घालून पाणी कालव्याने वळवायचं, ते चाकांवर सोडायचं आणि वीज तारेने कारखान्यात न्यायची. कारखाना नदीला चिकटून असायची गरजच उरत नाही. आज हे शाळकरी पोराला कळतं. १८९९ मध्ये ते सांगणाऱ्याच्या शब्दावर स्वतःच्या गाठीचे पैसे लावायचे होते. मे १८९९ मध्ये राजा अलेक्सांदर ओब्रेनोविचच्या हस्ते पायाभरणी झाली आणि सव्वा वर्षात काम पुरं झालं.

उझित्सेकरांच्या या धाडसाचं मोल केवळ टेस्लाच्या नावामुळे नाही. हे केंद्र राजधानीने बांधून दिलेलं नव्हतं, परदेशी सावकाराच्या ताब्यातलं नव्हतं. लोकरीच्या व्यापारात चार पैसे कमावलेल्या गावाने, आपले माग बंद पडू नयेत म्हणून, जगातलं सर्वांत ताजं विज्ञान घरी आणलं. दिवे हा त्यातला वरकड लाभ होता. स्तानोयेविच यांनी पुढे लेस्कोवात्सजवळ वुच्ये इथेही असंच केंद्र उभारलं, १९०३ मध्ये. तिथेही भांडवल कापडवाल्यांचंच होतं.

नंतरची तीस-चाळीस वर्षं भराभर सांगता येतील. १९१२ मध्ये अरुंद रुळांची आगगाडी उझित्सेला आली. पहिल्या महायुद्धानंतर १९२५ साली तीच वाट शार्गानचा डोंगर ओलांडून बोस्नियाला जोडली गेली. डोंगर चढताना ती आठच्या आकड्यासारखी वळणं घेते, म्हणून तिला ‘शार्गानचा आठ’ म्हणतात. त्या महायुद्धात ऑस्ट्रियन अंमल आला आणि गेला. १९२८ मध्ये गावात बंदुका आणि काडतुसांचा कारखाना निघाला. नॅशनल बँकेने इथे शाखा बांधली आणि तिच्यामागच्या डोंगरात खडक पोखरून तळघरं केली. युद्धकाळात राज्याचा पैसा तिथे सुरक्षित राहावा, हा हेतू. सरहद्दीपासून आत, डोंगरांनी वेढलेली जागा शोधूनच या दोन गोष्टी इथे ठेवल्या होत्या.

सर्बिया तेव्हा ज्याचा भाग होता तो युगोस्लाव्हिया देश एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने पंधरवड्याच्या आत लोळवला. जुलैत सर्बियात उठाव सुरू झाला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जर्मन तुकडी उझित्से सोडून गेली आणि २४ सप्टेंबरला कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालचे बंडखोर, म्हणजे पार्टिझान, गावात शिरले. त्यांच्या हाती शस्त्रांचा कारखाना लागला आणि बँकही. थोड्याच दिवसांत त्यांचा पुढारी योसिप ब्रोझ टिटो इथे आला आणि बँकेच्या इमारतीत त्याने मुख्य ठाणं केलं. नाझींच्या ताब्यातल्या युरोपात पश्चिम सर्बियाचा एक मोठा तुकडा मोकळा झाला होता, आणि उझित्से त्याची राजधानी. पुढे त्याला ‘उझित्सेचं प्रजासत्ताक’ हे नाव पडलं. ते ६७ दिवस टिकलं.

या ६७ दिवसांत गाव अक्षरशः दिवसरात्र जागं होतं. मोकळ्या टापूत आगगाड्या धावत होत्या, टपाल चालू होतं. गावोगावी निवडलेल्या समित्यांनी धान्य, शाळा, दवाखाने हातात घेतले. १९२९ पासून बंद असलेलं ‘बोर्बा’ हे कम्युनिस्ट वृत्तपत्र ऑक्टोबरात इथल्या छापखान्यातून पुन्हा निघालं. जर्मन विमानं बॉम्ब टाकू लागली तेव्हा कारखान्यातली यंत्रं उचलून बँकेच्या तळघरांत नेली. जिथे नोटांच्या थप्प्या ठेवायच्या होत्या तिथे आता कामगार नळ्या घासत होते, काडतुसं भरत होते. इथे बनलेल्या बंदुकीला ‘पार्टिझांका’ म्हणत; तिच्यावर तारा कोरलेला असे. सुरुवातीला पार्टिझान आणि द्राझा मिहाइलोविचचे राजनिष्ठ चेतनिक हे दोन्ही गट जर्मनांशी एकत्र लढत होते, त्यामुळे या बंदुकांतल्या काही चेतनिकांनाही मिळाल्या. नोव्हेंबर उजाडताच तेच चेतनिक उझित्सेवर चालून आले आणि मागे रेटले गेले. परकीय सैन्य दाराशी असताना सुरू झालेली ही भाऊबंदकी पुढे चार वर्षं सर्बियाला जाळत राहिली.

प्रजासत्ताकाची दुसरी बाजूही होती, आणि युगोस्लाव्हियाच्या पाठ्यपुस्तकांनी ती कित्येक दशकं दडवली. झिवोयिन पाव्लोविच नावाच्या पत्रकाराने १९४० मध्ये स्टालिनच्या राजवटीचे वाभाडे काढणारं पुस्तक लिहिलं होतं. एके काळी तो स्वतः कम्युनिस्ट. उझित्सेत त्याला पकडण्यात आलं, त्याचे हाल केले गेले आणि नोव्हेंबरात गाव सोडण्याआधी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्या शरदात उझित्सेत जर्मनांची भीती नव्हती हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की, एका माणसाला तिथे पुस्तकापायी मरावं लागलं.

२२ नोव्हेंबरला तळघरांत स्फोट झाला. दारूगोळ्याने भरलेले ते खडकातले बोगदे, बाहेर पडायला अरुंद तोंड. शंभराहून अधिक माणसं आत मेली: कामगार, आणि हवाई हल्ल्यापासून आसरा घ्यायला आलेले गावकरी. गाव सावरतं न सावरतं तोच जर्मन फौजा रणगाड्यांसह निघाल्याची बातमी आली. त्यांचा हुकूम कसा होता हे ऑक्टोबरमध्येच सगळ्यांना कळलं होतं. एका मेलेल्या जर्मनामागे शंभर माणसं, जखमीमागे पन्नास. त्याच हिशेबाने क्राल्येवो आणि क्रागुयेवात्स या शहरांत हजारो लोक गोळ्यांना बळी पडले होते. क्रागुयेवात्समध्ये तर शाळेच्या वर्गांतून मुलं आणि शिक्षक उचलून नेले होते.

उझित्सेपासून चौदा किलोमीटरवर, बायिना बाश्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘कादिन्याचा’ नावाचा उंचवटा आहे. (नावच तसं आहे, शेवटचा ‘चा’ आपल्या षष्ठीचा नव्हे.) टिटोचं मुख्य ठाणं, दवाखाने आणि निघू शकतील ते गावकरी झ्लातिबोरकडे सरकेपर्यंत जर्मनांना तिथे रोखून धरायचं होतं. २९ नोव्हेंबरला ते काम कामगार बटालियनच्या वाट्याला आलं. काल-परवापर्यंत बंदुका बनवणारे, माग चालवणारे हात आता बंदुका चालवत होते. समोर सरावलेली फौज, तोफा, रणगाडे. दुपारपर्यंत बटालियन जवळजवळ संपली. उझित्से तुकडीचा नायक दुशान येर्कोविच, पेशाने शिक्षक, तिथेच पडला. त्याच दिवशी जर्मन गावात शिरले. झ्लातिबोरवर मागे राहिलेल्या जखमींना त्यांनी जागच्या जागी ठार मारलं.

दोन वर्षांनी त्याच तारखेला, २९ नोव्हेंबर १९४३ रोजी, बोस्नियातल्या याय्त्से गावी नव्या युगोस्लाव्हियाचा पाया घातला गेला, आणि १९४५ मध्ये त्याच दिवशी प्रजासत्ताक जाहीर झालं. सगळा देश २९ नोव्हेंबरला सुट्टी घेऊन डुकरं कापायचा, मेजवान्या करायचा. उझित्सेच्या कितीतरी घरांत त्याच दिवशी आधी मेणबत्ती लागायची.

युद्धानंतर गावाला सरकारी मान मिळाला. नाव झालं ‘तितोवो उझित्से’, टिटोचं उझित्से. १९६१ मध्ये पार्टिझान चौक बांधला आणि तिथे फ्रानो क्र्शिनिचने घडवलेला टिटोचा भव्य पुतळा उभा राहिला: लांब कोट, विचारात झुकलेली मान. तांब्या-ॲल्युमिनियमचे कारखाने आले, १९७६ मध्ये बेलग्रेडहून थेट समुद्रापर्यंत जाणारा रुंद रेल्वेमार्ग गावातून गेला. १९७९ मध्ये ‘कादिन्याचा’वर मिओद्राग झिव्कोविचचं स्मारक झालं. गोळी आरपार गेल्यासारख्या भोकाने दुभंगलेल्या पांढऱ्या शिळा गवतात उभ्या आहेत. अवजड शब्द कोरलेल्या शेकडो स्मारकांपेक्षा त्या भोकातून दिसणारं आभाळ जास्त बोलतं. स्वेत्लाना काना रादेविच या वास्तुकार स्त्रीने १९८१ मध्ये बांधलेलं ‘झ्लातिबोर’ हॉटेल मात्र गावावर अजून अग्निबाणासारखं रोखलेलं दिसतं.

१९९१ मध्ये देश फुटू लागला, तेव्हा टिटोचा पुतळा चौकातून काढला. वितळवला नाही, संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवला. पुढच्या वर्षी गावाच्या नावातून ‘तितोवो’ गळून पडलं. ते संग्रहालय म्हणजे जुनी बँकच. ज्या इमारतीत बसून टिटोने हुकूम सोडले तिच्याच मागे तो आता उभा आहे, आणि जवळच त्या बोगद्यांची तोंडं आहेत.

गावात सकाळी बेकरीसमोर रांग लागते ती ‘कोंप्लेत लेपिन्या’साठी. गरम पावाची टोपी कापायची, आत अंडं आणि मुरवलेली साय, म्हणजे कायमाक, कालवायची, पुन्हा भट्टीत सरकवायचं आणि वरून भाजलेल्या मांसाचा रस ओतायचा. ‘लेपिन्या’ आणि ‘कायमाक’ हे दोन्ही शब्द बाहेरून आले; कायमाक तर थेट तुर्कीतून. १८६२ साली गेलेली माणसं परत आली नाहीत, पण त्यांच्या चुलीवरचा शब्द रोज सकाळी या रांगेत उच्चारला जातो.

आणि किल्ल्याच्या सुळक्याखालचं ते वीजकेंद्र? मधली काही दशकं ते बंद होतं. शंभर वर्षं पुरी होताना, २००० साली, ते दुरुस्त करून पुन्हा सुरू केलं. एकाच वेळी संग्रहालय आणि चालतं केंद्र असं त्याचं आजचं रूप आहे. शेजारून जुन्या अरुंद रुळांची वाट जाते. रूळ उखडले, बोगदे राहिले, लोक तिथे फिरायला येतात. उन्हाळ्यात बांधाजवळच्या काठावर पोरं दगडावरून पाण्यात उड्या मारतात. इलियाच्या सणालाही तिथे गर्दी असते, आणि पलीकडे भिंतीआड चाकं फिरत असतात.